'स्लंप सेल'ला मराठीत काय म्हणाल?

छापखानेवाली : सासऱ्यांचा लालबागमधला छापखाना एक कंपनी घेतेय. यंत्रं, ऑर्डरी, येणी-देणी, कामगार, सगळ्यासकट एका रकमेला. मामंजी म्हणतात, करार मराठीत वाचल्याशिवाय सही नाही. अनुवाद करून आणला तर 'स्लंप सेल'चं झालंय 'मंदीतील विक्री'. मामंजी उखडले : "माझा धंदा मंदीत आहे हे यांना कोणी सांगितलं? भाव पाडायचे धंदे!" शुक्रवारी वकिलाकडे बसायचंय. नेमका शब्द सुचवा.

लेखनिक : मंदीचा काडीचा संबंध नाही. आयकर कायद्यात व्याख्याच आहे : अख्खा उपक्रम ठोक रकमेला द्यायचा, त्यातल्या एकेका मालमत्तेची वा देण्याची वेगळी किंमत न लावता. स्कॉटलंडकडे 'स्लंप' म्हणजे गठ्ठा, तो हा. 'ठोक विक्री' लिहा.

वसईकरीण : ठोक म्हटलं की मला मशीद बंदर दिसतं, किरकोळच्या विरुद्ध. 'एकरकमी'ही नको, हप्ते नाहीत असं वाटेल.

छापखानेवाली : हप्ते आहेतच. 20 टक्के वर्षभर अडकवून ठेवणारेत.

माझगावचा_नाना : अहो, 'उक्तं' मेलं का? गावी आमची कलमं मोहोरावरच उक्ती देतात. आंबे मोजत कोण बसतो? गवंडीसुद्धा विचारतो, रोजावर की उक्तं? उक्ती विक्री. विषय संपला.

लेखनिक : संपला कसला! कायद्याच्या मराठीत 'उक्त' म्हणजे 'वर सांगितलेला'. 'उक्त अधिनियम', 'उक्त मिळकत'. करारात 'उक्त विक्री' वाचून वकील विचारेल, कुठली?

माझगावचा_नाना : मी 'उक्ती' लिहिलंय, 'उक्त' नाही. आणि शब्द तोच आहे. तोंडी ठरवलेलं ते उक्तं.

लेखनिक : ही तुमची व्युत्पत्ती. आमच्याकडे उक्त्या कामाचंही लेखी घेतात.

खरवस : 'स्लंप सेल'च ठेवा आणि खाली दोन ओळीत अर्थ द्या. मुंबईत सौदा गुजरातीत होतो, कागद इंग्रजीत, भांडण तेवढं मराठीत.

माझगावचा_नाना : तेजी-मंदी, वटाव, घसारा रोज चालतात की! वापरायचंच नाही आणि मग चालत नाही म्हणायचं.

वसईकरीण : शब्द राहू द्या, मामंजींना आकडा समजावा. रक्कम एकच असली तरी ती आभाळातून पडत नाही. व्याज, कर, घसारा वजा होण्याआधीचा वर्षाचा नफा धरतात, त्याला धंद्याप्रमाणे पट लावतात, त्यातून कर्ज वजा. आमच्या मामाच्या बेकरीच्या वेळी गंमत झाली. मामा पगार घेतच नव्हता, म्हणून नफा फुगलेला. घेणाऱ्यानं आधी मामाच्या जागी मॅनेजर ठेवायचा पगार वजा केला, मग पट लावली. तेवढ्यानं भाव खाली आला. तुमचे मामंजी पगार घेतात का बघा. आणि मुद्रांक शुल्कासाठी जागेची किंमत वेगळी दाखवावी लागली तर घाबरू नका. तेवढ्यानं स्लंप सेल मोडत नाही, कायद्यातच तसं स्पष्टीकरण आहे.

छापखानेवाली : पगार? कधीच नाही घेतला. बापरे. बरं, मूल्यांकनाच्या अहवालात 'गुडविल' पण आहे. तिथे अनुवादकानं लिहिलंय 'सदिच्छा : 38 लाख'.

खरवस : 😂 शुभेच्छा वेगळ्या लावल्यात का?

लेखनिक : आम्ही कॉमर्सला 'ख्याती' शिकलो.

माझगावचा_नाना : लालबागेत याला पागडी म्हणतात.

लेखनिक : नाही हो नाना. पागडी जागेची. 1947च्या भाडे कायद्यानं ती गुन्हा ठरवली होती, 1999च्या कायद्यानं मोकळी केली. गुडविल धंद्याचं.

वसईकरीण : पण 1810मध्ये इंग्लंडचे न्यायाधीश लॉर्ड एल्डन यांनी गुडविल काय सांगितलं? जुनं गिऱ्हाईक जुन्याच जागी येईल, एवढी शक्यता.

माझगावचा_नाना : ऐका! जुन्याच *जागी*. म्हणजे पागडीच.

लेखनिक : लंडनचा न्यायाधीश लालबागच्या गाळ्याबद्दल बोलत नव्हता. इथलं गिऱ्हाईक मामंजींच्या शब्दावर येतं. म्हणून तर 20 टक्के अडकवलेत.

छापखानेवाली : ते खरंय, लग्नपत्रिकावाले 'अण्णा आहेत का' विचारून आत येतात. पण शुक्रवारी लिहू काय? उक्ती की ठोक?

खरवस : नाना, पागडी ही पगडीवरूनच ना?

माझगावचा_नाना : अर्थात. जागा देणाऱ्याला आधी पगडी बांधायचा मान होता.

लेखनिक : पुरावा?

माझगावचा_नाना : आमचे आजोबा.