मदत हवी आहे: रविवारच्या शेतकरी बाजारात लहान मुलांना कसं न्यावं? (नागपूर)

नमस्कार मंडळी,

आमच्या घराजवळच्या बागेत रविवारी सकाळी शेतकऱ्यांचा बाजार भरतो. काटोल, कळमेश्वर, सावनेरकडचे शेतकरी स्वतः माल घेऊन येतात, मधे अडत्या नाही. एकटी असले की मी अर्ध्या तासात आटोपून परत येते. आता मुलांना न्यायचं आहे. मुलगी आठ वर्षांची, मुलगा साडेचारचा.

महाराजबागेत कोणता पिंजरा कुठे आहे ते मुलगी डोळे मिटून सांगते. पण ओल्या तुरीच्या दाण्यांचा सोलेभात आवडीने खाणाऱ्या या पोरीला तुरीची शेंग झाडाला लागते की जमिनीखाली, हे सांगता येत नाही. माझ्या माहेरी शेती होती, त्यामुळे मला हे कोणी मुद्दाम शिकवलं नाही. माझ्या मुलांना शेत दिसतं ते समृद्धीवरून जाताना, गाडीच्या काचेतून. भाजी पिकवणाऱ्या माणसाशी त्यांनी दोन शब्द बोलावेत, एवढीच माझी इच्छा आहे.

अडचण अशी, की शेतकऱ्याचे ते दोन-तीन तास विक्रीचे असतात. मागे गिऱ्हाईक खोळंबलेलं असताना माझी मुलगी "काका, हे कुठे उगवतं?" विचारत उभी राहिली, तर नुकसान त्यांचं. आमच्या शिकवणीसाठी त्यांचा वेळ खायचा नाही. मग नेमकं कधी जावं? उघडल्या उघडल्या, की गर्दी ओसरल्यावर?

दुसरं, धाकट्याचे हात. त्याला सगळं उचलून, दाबून पाहायचं असतं. "हात लावू नको" म्हणत फिरायचं तर त्याला नेण्यात अर्थ नाही, आणि लावू दिला तर माल खराब होतो. शिवाय बागेत शिरताच त्याला झोपाळा दिसतो, मग बाजाराकडे पाय वळत नाहीत.

तिसरं भावाचं. सासूबाई म्हणतात, घासाघीस केल्याशिवाय तो बाजारच नव्हे, आणि मुलांनी हेही शिकलं पाहिजे. मला शेतकऱ्यासमोर सांभाराच्या (कोथिंबिरीच्या) जुडीवरून दोन रुपयांसाठी ताणायला नको वाटतं. तुम्ही मुलांसमोर काय करता?

प्रतिसाद:

ताई, आमची काटोल तालुक्यात संत्र्याची बाग आहे आणि मी स्वतः अशा बाजारात बसतो, म्हणून लिहितो. पोरं आलेली आम्हाला आवडतात. फक्त पहिला दीड तास सोडा. आम्ही पहाटे चारला घरून निघतो, आणि खरा धंदा त्या सुरुवातीच्या वेळातच होतो. त्यानंतर गिऱ्हाईक तुरळक होतं, तेव्हा या. आधी घ्यायचं ते घ्या, पैसे द्या, मग पोरीला विचारू द्या. सगळ्या दुकानांवर थांबण्यापेक्षा दरवेळी एकाच ठिकाणी बसा. दोन-तीन रविवारांत तोंडओळख होते, मग शेतकरी आपणहून सांगतो.

धाकट्याला संत्रा हातात द्या, पण खालून ओंजळीत धरायला शिकवा. वरून अंगठ्याने दाबला की सालीतल्या तेलाच्या पिशव्या फुटतात, तिथे डाग पडतो आणि पुढे बुरशी धरते. नागपुरी संत्र्याची साल मुळातच सैल असते, त्यामुळे दाबून काही कळतही नाही. वजन पाहायचं. सारख्या आकाराचे दोन संत्रे दोन हातांत द्या आणि जड कोणता विचारा. जड तो रसाळ. हा खेळ पोरं तासभर खेळतात आणि मालही खराब होत नाही.

मुलगी रंगाचं विचारेल. आंबिया बहाराचा (बहार म्हणजे झाडाला फुलं धरण्याचा हंगाम) पहिला माल निघतो तेव्हा रात्री पुरेशा थंड नसतात, म्हणून साल हिरवट राहते, आत मात्र गोड असतो. थंडी पडली की रंग चढतो. आणि बहार दोन: आंबियाचा संत्रा दिवाळीच्या सुमारास येतो, मृगाचा फेब्रुवारी-मार्चमध्ये. झाडाचं पाणी तोडून ताण दिला की मग फुलं धरतात. हे तिला सांगा, नाहीतर मला विचारू द्या.

भावाचं म्हणाल तर, पालेभाजी आम्हाला परत न्यायची नसते. शेवटच्या अर्ध्या तासात "उरलेल्या चारही जुड्या घेते, कितीला देता?" असं विचाराल तर आम्हीच कमी लावतो आणि दोघांचंही भागतं. एका जुडीवर दोन रुपये तोडायला सांगितले की जीवावर येतं. आजींनाही हे सांगून पाहा, त्यांची हौसही भागेल.

प्रतिसाद:

झोपाळा आधी! वीस मिनिटं मनसोक्त खेळू द्या, मग बाजार. उलट केलं की पोट्टे हात ओढत राहतात. मुलीला दहा-दहाच्या नोटा आणि तिची स्वतःची कापडी पिशवी द्या. तुम्ही मोबाईलवरून पैसे दिले तर तिला व्यवहार दिसतच नाही. काट्यावरचे आकडे तिलाच वाचू द्या. तिसरीत ग्रॅम-किलो शिकतातच. आणि घरून पाण्याची मोठी बाटली न्या. गाजर, मटार पोरं तिथेच तोंडात घालतात, आधी धुऊन द्या.

मूळ प्रश्नकर्ती:

दोघांचेही मनापासून आभार. दादा, ओंजळीचं आजच घरच्या संत्र्यांवर करून पाहते. या रविवारी साडेनऊच्या पुढे जाऊ, आधी झोपाळा. सासूबाईंना चार जुड्यांचं सांगितलं, त्या म्हणाल्या "मग मीही येते". आता एकच विचारायचं राहिलं: तुरीच्या ओल्या शेंगा फांदीसकट कोणी आणतं का? सोललेले सोले सगळीकडे मिळतात, मला पोरीला फांदी दाखवायची आहे. आगाऊ सांगून ठेवावं लागत असेल तर या रविवारीच कुणाला तरी सांगून येईन.