शब्दचर्चा: ‘मायझ्मा’, घनफूट आणि बराकीतलं पीप

अनुवादिका: ब्रिटिश सैनिकांच्या आरोग्यावरच्या शाही आयोगाच्या १८५८च्या अहवालाबद्दल मराठीत लिहायचंय. ‘मायझ्मा’ला ‘रोगजंतू’ म्हणू का? आणि माणशी ‘क्युबिक फूट’ऐवजी सरळ ‘चौरस फूट’?

जुनं लष्कर: दोन्ही नको. मायझ्मा म्हणजे कुजक्या घाणीतून उठणारी विषारी हवा. ताप, पटकी (कॉलरा) तिनेच होतात असं तेव्हा बहुतेक डॉक्टर मानत. जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी पटकीचा जंतू दाखवला तो १८८४च्या सुमारास. ‘दूषित हवा’ लिहा. घनफूटही त्याच समजुतीतून आले: मोजायची होती ती हवा. आयोगाची शिफारस माणशी ६०० घनफुटांची होती, कित्येक बराकींत ४००सुद्धा मिळत नसत. छत १२ फूट धरलं तर ६०० म्हणजे ५० चौरस फूट. छत २० फूट केलं की कागदावर हिशेब जुळतो, पण जमीन उरते ३० चौरस फूट आणि खाटा एकमेकींना चिकटतात. त्यात थंडीमुळे शिपाई झरोके चिंध्यांनी बुजवायचे. क्षयाला आणखी काय हवं? मायदेशातच सैनिकांचा मृत्युदर हजारी १७.५ होता, समवयस्क नागरिकांचा जवळजवळ निम्मा.

अनुवादिका: रात्री खोलीत ठेवायच्या लघवीच्या ‘टब’ला ‘मोरी’ चालेल?

जुनं लष्कर: मोरीतून पाणी वाहून जातं, यातलं सकाळपर्यंत तिथेच. ‘लाकडी पीप’ म्हणा. काही ठिकाणी सकाळी तेच विसळून त्यात तोंड धुवत, हे गाळू नका.

सफाईखातं: भारतातल्या सैन्यावरच्या शाही आयोगाच्या १८६३च्या अहवालात गोऱ्या सैनिकांचा मृत्युदर हजारी ६९ आहे. इथल्या कागदांतली ‘कॉन्झर्व्हन्सी’ म्हणजे ‘संवर्धन’ नव्हे, मैला उचलून नेण्याची व्यवस्था. ‘अर्थ क्लोझेट’ला नुसतं ‘मातीचा संडास’ म्हटलंत तर भिंती मातीच्या वाटतील; ‘कोरड्या मातीचा संडास’ लिहा. तो काढणारे इंग्रज पाद्री हेन्री मूल यांचं पेटंट १८६०चं. दर वापराला सुमारे दीड पौंड वाळवून चाळलेली माती टाकायची. पोयटा चांगला, वाळू कुचकामी, कारण ती ओल धरून ठेवत नाही. लघवी किंवा धुण्याचं पाणी त्यात गेलं की चिखल होऊन घाण सुटते, म्हणून ते वेगळं काढावं लागे. पावसाळ्यासाठी लागणारी माती उन्हाळ्यातच वाळवून छपराखाली साठवायची.

अनुवादिका: पटकी आली की बराक सोडून तंबूत जात. त्याला ‘छावणी हलवली’?

जुनं लष्कर: ‘बराक रिकामी केली’ बरं. छावणी हलवली म्हटलंत तर पुण्याचा वाचक म्हणेल, अख्खा कॅम्प गेला कुठे!