डबल पेडलला फेल्टचे बीटर? माझा विरोध

खर्जातला: डबल पेडलवर, म्हणजे ड्रमसेटचा मोठा ड्रम (किक) दोन्ही पायांनी वाजवायच्या पेडलवर, मेटल संगीत वाजवायचं असेल तर बीटर, म्हणजे ड्रमवर आपटणारी हातोडी, फेल्टची (दाबलेल्या लोकरीची) लावूच नका. १८० बीपीएमला (मिनिटाला १८० मात्रा) सिक्स्टीन्थ, म्हणजे मात्रेला चार ठोके, वाजवले की सेकंदाला १२ ठोके. एवढ्या दाटीत फेल्टचं धप्प-धप्प एकमेकांत मिसळून नुसती गडगड उरते, आणि वरून गिटार. प्लास्टिक किंवा लाकडाने ठोका सुटा येतो. दुतोंडी (एका बाजूला फेल्ट, दुसऱ्या बाजूला प्लास्टिक) बीटर असतील तर आधी ते फिरवून बघा, फुकटचं काम आहे.

तालमीला उशीर: सुटा येतो, पण टाइपरायटरसारखा! किकला पोट, म्हणजे भरदार खर्ज, नको का? ठोक्याला टोक हवं तर माईक ड्रमच्या आत सरकवा, तीन-चार किलोहर्ट्झपाशी थोडं वाढवून घ्या. हेडचाही (ड्रमवर ताणलेल्या पडद्याचाही) वाटा असतोच. सगळं खापर बीटरवर का?

खर्जातला: साऊंडवाला ऐकणारा असेल तर ना! पबात किकला एक माईक मिळाला तरी नशीब. तिथे स्पष्टपणा पायातूनच निघायला हवा. ब्लूजला मीही फेल्टच लावतो.

डावखुरी: तुमचं भांडण चालू द्या, पण डाव्या पायाचं काय? त्याचा जोर दोन पेडल जोडणारा शाफ्ट (दांडा) आणि दोन जॉइंटमधून बीटरपर्यंत पोचतो, म्हणून तो मुळातच जड लागतो. त्यात एक बीटर नवा, एक झिजलेला असला की डावा मागे पडणारच. बीटर जोडीनेच बदला आणि घरातल्या वजनकाट्यावर तोलून बघा. बीटरच्या दांड्या सारख्या उंचीवर ठेवा. वर काढल्या की जोर वाढतो, पण पाय लवकर भरून येतात. आणखी एक: दोन्ही बीटर हेडच्या मध्याच्या डाव्या-उजव्या बाजूंना पडतात. सपाट तोंडाचे असतील तर हाताने हळूच हेडला टेकवून बघा. कड आधी लागत असेल तर हेडवर अर्धगोल वण उठलेच म्हणून समजा.

तालमीला उशीर: वजनाचं पटलं. फेल्ट मात्र सोडणार नाही. प्लास्टिकने हेड फाटलं तर पैसे कोण देणार?

खर्जातला: हेडवर ठोका पडतो तिथे पॅच (संरक्षक चकती) चिकटवा की! डबल पेडलसाठी दोन गोलांचा मिळतो.

तिसरा मजला: इलेक्ट्रॉनिक किटवाल्यांनी या वादात पडूच नये. स्वर मॉड्यूल (किटचा आवाज तयार करणारा डबा) ठरवतं. जाळीच्या हेडवर फेल्ट घासतं, तंतू सुटतात, म्हणून मी प्लास्टिकच लावतो. खालच्या मजल्यावरच्या काकूंना दोन्हींत काडीचाही फरक वाटत नाही, विचारून झालंय.