दमट हवेत रीफ टाकीचे पाणी थंड कसे ठेवावे? मदत हवी आहे

नमस्कार. घरातील रीफ टाकीच्या (खाऱ्या पाण्यात जिवंत प्रवाळ वाढवायच्या टाकीच्या) पाण्याचे तापमान गरम आणि दमट दिवसांत आटोक्यात कसे ठेवावे, याविषयी जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. प्रश्न नेमका कळावा म्हणून टाकीची माहिती थोडी सविस्तर देत आहे.

टाकी आणि खालचा संप (पाणी गाळण्याची दुसरी टाकी) मिळून सुमारे ३०० लिटर पाणी आहे. त्यात क्लाउनफिशची जोडी, एक गोबी, सफाई करणाऱ्या गोगलगायी आणि कोळंबी आहेत. खालच्या भागात लेदर आणि झोअँथससारखे मऊ प्रवाळ, मध्यावर टॉर्च आणि हॅमर हे प्रवाळ, आणि वरच्या खडकावर मोंटीपोरा व अ‍ॅक्रोपोराच्या काही फांद्या आहेत. संपमधून पाणी वर पाठवणारा रिटर्न पंप ४० वॉटचा, पाण्यात प्रवाह निर्माण करणारे दोन वेव्हमेकर मिळून २० वॉटचे आणि फेसातून मळ काढणाऱ्या प्रोटीन स्किमरचा पंप १५ वॉटचा आहे. हे सर्व पाण्यात बुडालेले असतात आणि अहोरात्र चालतात. वर १५० वॉटचा एलईडी दिवा असून तो सकाळी अकरा ते रात्री आठ असा नऊ तास चालू असतो. टाकीवर काचेचे झाकण नाही. मासे बाहेर उडी मारू नयेत म्हणून जाळी लावलेली आहे.

पाणी थंड ठेवण्यासाठी सध्या दोन पंखे पृष्ठभागावर तिरका वारा मारतात आणि तापमान नियंत्रकाला जोडलेले आहेत. हवा कोरडी असते तेव्हा ही व्यवस्था उत्तम चालते. पहाटे २६ आणि दिवे बंद होण्याच्या सुमारास २७ अंश सेल्सिअस, यापलीकडे पाणी जात नाही. हवा दमट झाली की मात्र तेच पंखे अखंड चालूनही संध्याकाळी पारा २९.५ अंशांपर्यंत चढतो आणि पहाटेसुद्धा २८ च्या खाली येत नाही. अशा दिवसांत खोलीतील हवा ३१ अंशांच्या आसपास आणि सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या घरात असते. तापमापीवर शंका नको म्हणून बर्फाच्या चुऱ्यात गोडे पाणी घालून ती शून्यावर तपासली आहे, आणि कोमट पाण्यात ताप मोजायच्या तापमापीशी ताडूनही पाहिली आहे. दोन्ही ठिकाणी वाचन बरोबर येते.

अ‍ॅक्रोपोराची टोके फिकी पडू लागली आहेत आणि टॉर्चच्या शुंडिका दुपारनंतर आखडलेल्या दिसतात. यातील काही वसाहती मी नखाएवढ्या तुकड्यापासून वाढवल्या आहेत आणि त्या गमवायची माझी मुळीच तयारी नाही. पंख्यांची संख्या वाढवून उपयोग होईल का? नसेल तर चिलर (पाणी थंड करणारे यंत्र) घ्यावा की खोलीला वातानुकूलन करावे? चिलर घ्यायचा तर त्याची क्षमता कशी ठरवावी? आणि तापमान नेमके कितीवर ठेवावे, कारण २४ पासून २८ पर्यंत सगळे आकडे कोणी ना कोणी ठामपणे सांगितलेले आढळतात.

प्रतिसाद १

आपण माहिती इतकी नेमकी दिली आहे की हिशेब मांडणे सोपे झाले. पंखा पाण्याला थंड करत नाही, बाष्पीभवन करते. पंखा फक्त पृष्ठभागावरची ओलसर हवा दूर सारतो. एक लिटर पाण्याची वाफ होताना साधारण २,४०० किलोज्यूल उष्णता खर्च होते, आणि आपल्या ३०० लिटर पाण्याच्या दृष्टीने ती जवळपास २ अंशांच्या घसरणीइतकी आहे. म्हणून कोरड्या दिवशी टाकीत रोज किती आरओ पाणी भरावे लागते आणि दमट दिवशी किती, हे आधी मोजा. पंख्यांनी किती काम केले ते त्या आकड्यातून थेट कळते. दिवसाला ४ लिटर उडत असतील तर अहोरात्र सुमारे ११० वॉट उष्णता बाहेर जाते आहे.

आता आत येणारी उष्णता पाहा. बुडालेल्या पंपांनी घेतलेली जवळजवळ सगळी वीज अखेर उष्णता होऊन पाण्यातच उतरते, म्हणजे आपले ७५ वॉट अखंड. ही उष्णता कुठेच गेली नाही तर एकट्या पंपांमुळे पाणी एका दिवसात ५ अंशांहून अधिक तापेल. दिव्याचे नऊ तास चोवीस तासांवर पसरले तर सरासरी ५६ वॉट होतात. त्यातला काही भाग दिव्याच्या पाठीवरून हवेत जातो, पण प्रवाळांवर आणि खडकांवर पडलेला प्रकाशही शेवटी उष्णताच होतो. बाष्पीभवन निम्म्यावर आले की उरलेली उष्णता पाणी तापण्याखेरीज कुठे जाणार?

पंख्यांची संख्या वाढवून हा प्रश्न सुटणार नाही, आणि त्याचे कारण हवेत आहे. वाऱ्याच्या झोतात पाणी जास्तीत जास्त ओल्या बल्बच्या तापमानापर्यंतच उतरू शकते, म्हणजे ओले कापड गुंडाळलेली तापमापी त्या हवेत जे दाखवते तिथपर्यंत. हवा ३१ अंश आणि आर्द्रता ४५ टक्के असेल तर ही पातळी सुमारे २२ अंश असते. आर्द्रता ८० टक्के झाली की ती सुमारे २८ अंशांवर जाते. आपले पाणी पहाटेही २८ च्या खाली का येत नाही, याचे उत्तर इथे आहे.

तोपर्यंत दोन गोष्टी आजच करता येतील. दिव्याची वेळ संध्याकाळी सहा ते पहाटे तीन अशी करा, म्हणजे दिव्याची उष्णता आणि दुपारच्या हवेची उष्णता एकाच वेळी पाण्यावर येणार नाही. ही वेळ रोज एकेक तासाने पुढे सरकवा, एकदम नको. दुसरे म्हणजे रिटर्न पंप वेग कमी करता येणारा असेल तर तो कमी करा. संपमधून पाणी फिरवण्यासाठी बहुधा एवढ्या जोराची गरज नसते.

धागाकर्ती

मनापासून धन्यवाद. मोजून पाहिले. कोरड्या दिवशी ४ लिटरच्या आसपास पाणी उडते आणि दमट दिवशी २ लिटर. पंखे वाढवण्याचा विचार सोडला आहे आणि दिव्याची वेळ सरकवायला सुरुवात केली आहे.

यातून एक नवी काळजी मात्र उभी राहिली. माझ्या ऑटो टॉप-ऑफच्या (उडालेले पाणी आपोआप भरून काढणाऱ्या यंत्रणेच्या) बादलीत साध्या आरओ पाण्याऐवजी प्रवाळांच्या सांगाड्यासाठी चुन्याची निवळी असते. बाष्पीभवन दिवसागणिक इतके बदलत असेल तर निवळीची मात्राही तशीच बदलत असणार. गेल्या काही आठवड्यांत अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल शोषण्याची क्षमता) वरखाली होत होती आणि मी तिचा संबंध मिठाच्या नव्या पाकिटाशी जोडत होते. प्रवाळांना उष्णतेचा त्रास होतो आहे की याचा?

प्रतिसाद २

दोन्हींचा होत असू शकेल, आणि चुन्याच्या निवळीकडे प्रथम लक्ष द्या, कारण तो दोष आज संध्याकाळीच दूर करता येतो. संपृक्त निवळीचा एक लिटर ३०० लिटर पाण्याची अल्कलिनिटी ढोबळमानाने ०.३७ डीकेएचने (हे अल्कलिनिटीचे एकक) वाढवतो. म्हणजे २ लिटर उडाले त्या दिवशी ०.७५ आणि ४ लिटर उडाले त्या दिवशी १.५ डीकेएच, आणि या चढउताराचा प्रवाळांच्या खऱ्या गरजेशी काहीच संबंध नाही. निवळीचा पीएच १२ च्या वर असल्याने पंखे जोरात चालले की टाकीचा पीएचही वर ओढला जातो. टॉप-ऑफच्या बादलीत केवळ आरओ पाणी ठेवा आणि निवळी वेगळ्या डोसिंग पंपाने रोज ठरावीक मात्रेत, शक्यतो रात्री, द्या.

आता चिलर. त्यावर लिहिलेला अश्वशक्तीचा आकडा कॉम्प्रेसरचा असतो; पाण्यातून किती उष्णता काढली जाईल ते त्यावरून थेट कळत नाही. विशिष्ट हवेच्या तापमानाला तो किती वॉट उष्णता काढतो, याचा तक्ता मागून घ्या. आपली गरज अशी काढा. एखाद्या दमट दिवशी गोठवलेल्या बाटल्या संपमध्ये सोडून पाणी सावकाश २६.५ अंशांपर्यंत आणा, बाटल्या काढून घ्या, पंखे बंद करा, दिवा चालू ठेवा आणि तासाभरात पाणी किती चढते ते पाहा. तासाला ०.४ अंश चढले तर आपल्या पाण्यात सुमारे १३५ वॉट उष्णता शिरते आहे. चिलर याच्या दुप्पट क्षमतेचा असावा, म्हणजे तो निम्मा वेळ विसावेल आणि त्याहून गरम दिवसासाठीही हाताशी काही राहील.

जागेची निवड मी क्षमतेइतकीच महत्त्वाची मानतो. चिलर पाण्यातून काढलेली उष्णता आणि स्वतः खाल्लेली वीज, दोन्ही हवेत सोडतो. तो टाकीखालच्या बंद कपाटात ठेवला तर आपणच सोडलेली गरम हवा पुन्हा ओढतो, त्याची क्षमता घटते आणि संपही तापतो. त्याला खिडकीजवळ किंवा शेजारच्या खोलीत मोकळी हवा मिळाली पाहिजे.

वातानुकूलनाचा एक गुण सहसा लक्षात घेतला जात नाही. ते हवा थंड करते त्याबरोबर तिच्यातील ओलावाही काढते, आणि ओलावा गेला की आपले जुने पंखे पुन्हा कामाला लागतात. खोली एरवीही वापरात असेल आणि तिथे यंत्र आधीच बसवलेले असेल, तर ते २७ किंवा २८ अंशांवर ठेवून पंखे चालू ठेवणे पुरेसे व्हावे. खोली दिवसभर बंद राहत असेल तर केवळ टाकीसाठी अख्खी खोली थंड करण्यापेक्षा चिलर बरा.

गोठवलेल्या बाटल्यांवर रोजचा भरवसा मात्र ठेवू नका. एक लिटर बर्फाच्या बाटलीने ३०० लिटर पाणी जेमतेम ०.४ अंशाने उतरते. तीन अंश उतरवायला सात-आठ बाटल्या लागतील आणि त्या वितळल्या की पाणी पुन्हा चढेल.

प्रतिसाद ३

वरील हिशेबांशी सहमत आहे. फक्त तापमान कितीवर ठेवावे हा मूळ प्रश्न मागे राहिला आहे, त्याविषयी लिहितो.

प्रवाळाच्या ऊतीत राहणारे सहजीवी शैवाल उष्णता आणि तीव्र प्रकाश एकत्र आले की बिघडते. त्याच्या प्रकाशसंश्लेषणातून घातक ऑक्सिजन संयुगे तयार होतात आणि प्रवाळ ते शैवाल बाहेर टाकतो. फिकेपणा दिसतो तो यामुळे. समुद्रातील प्रवाळांसाठी अमेरिकेची नोआ ही संस्था उष्णतेचा हिशेब अंश आणि आठवडे यांच्या गुणाकारात ठेवते. त्या जागेच्या सर्वांत उष्ण महिन्याच्या सरासरी तापमानापेक्षा पाणी १ अंश किंवा त्याहून अधिक वर राहिले की ती जादा उष्णता मागील १२ आठवड्यांसाठी मोजली जाते. बेरीज ४ अंश-आठवड्यांवर गेली की लक्षणीय विरंजन (शैवाल गमावून प्रवाळ पांढरा पडणे) आणि ८ वर गेली की तीव्र विरंजन व मृत्यू अपेक्षित धरतात. टाकीला हे आकडे जसेच्या तसे लावता येणार नाहीत, पण त्यामागचा विचार लावता येतो. प्रवाळाला नेहमी किती तापमानाची सवय आहे, त्यापेक्षा पाणी किती वर गेले आणि किती काळ तिथे राहिले, या तिन्हींवर इजा ठरते. एका दुपारी २८.५ झाले यापेक्षा आपल्याकडे पाणी रात्रीही उतरत नाही, याची मला अधिक चिंता वाटते.

म्हणून वर्षभर पाणी २४ वर ठेवून गरम दिवसांत अचानक २९ सोसायला लावण्यापेक्षा मी मूळ पातळीच २६.५ ठेवतो. चिलरलाही त्यामुळे कमी राबावे लागते. यावर आक्षेप असा घेतला जातो की वीज गेली तर हाताशी अंतर कमी उरते, आणि तो रास्त आहे. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि त्याच वेळी माशांची व प्रवाळांची गरज वाढते. वीज गेली की पहिला धोका प्राणवायूचा असतो, तापमानाचा नंतर. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप जवळ ठेवा आणि वीज येईपर्यंत खाणे घालू नका.

सध्याच्या फिक्या अ‍ॅक्रोपोरावर प्रकाश तिसऱ्या हिश्श्याने कमी करा आणि तापमान पूर्ववत झाल्यावरच काही आठवड्यांत हळूहळू वाढवा. तुकडे जागेवरून हलवू नका. पाणी थंड करताना एका दिवसात अंशभरापेक्षा जास्त घाई करू नये, मात्र मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकत असतील किंवा प्रवाळाची त्वचा सुटू लागली असेल तर थांबण्यात अर्थ नाही.

धागाकर्ती

सर्वांचे आभार. निवळी वेगळ्या डोसिंग पंपावर घेतली आहे आणि दिव्याची तीव्रता उतरवली आहे. सांगितलेल्या पद्धतीने चाचणी केली तेव्हा पाणी तासाभरात ०.४ अंशाच्या किंचित खाली चढले, म्हणून २७० वॉटच्या आसपास उष्णता काढणारा चिलर पाहत आहे. खोली दिवसा बंद असते, त्यामुळे वातानुकूलनाचा पर्याय सोडला.

एक शेवटची शंका आहे. हीटर सध्या २६ वर लावलेला आहे. चिलर २६.५ वर ठेवला तर दोन्ही एकमेकांविरुद्ध चालतील का?

प्रतिसाद २

नक्कीच चालू शकतील. बहुतेक चिलर ठरवलेल्या आकड्याच्या खाली थोडे उतरूनच बंद होतात आणि दोघांच्या संवेदकांत पाव-अर्ध्या अंशाचा फरक सहज असतो. हीटर २५ वर आणा आणि चिलर २७ ला चालू होऊन २६.२ च्या सुमारास बंद होईल असा लावा. हीटर मोठा एक ठेवण्यापेक्षा लहान दोन ठेवा, कारण त्यांच्या आतील संपर्क चिकटून हीटर चालूच राहणे हा नेहमीचा बिघाड आहे, आणि लहान हीटर अडकला तरी पाणी शिजण्याआधी आपल्याला वेळ मिळतो. दोन्ही हीटर वेगळ्या नियंत्रकामार्फत जोडा. नियंत्रकाचा संवेदक संपच्या ज्या कप्प्यात पाणी वाहते राहते तिथे, हीटरपासून दूर आणि पाणी कमी झाले तरी बुडालेला राहील असा खाली बांधा. तो हवेत उघडा पडला तर नियंत्रक पाण्याऐवजी खोलीचे तापमान वाचतो आणि थंडीत हीटर बंदच करत नाही.