मदत हवी आहे: पायाच्या अंगठ्याचं ऑपरेशन करून घ्यावं का?

नमस्कार मंडळी. मी वडोदऱ्याची, दांडिया बाजारात राहते, वय ५६. उजव्या पायाचा अंगठा दुसऱ्या बोटावर चढायला लागलाय आणि त्याच्या मुळाशी हाडाचा गोळा आलाय. डॉक्टर बनियन म्हणतात. एक्स-रेत अंगठ्याच्या वाकडेपणाचा कोन ३४ अंश आला. १५ च्या आत असेल तर नॉर्मल. त्यांनी ऑपरेशन सुचवलंय, हाड कापून सरळ करायचं आणि स्क्रू बसवायचे. पण घाई नाही, तुम्हीच ठरवा, असंही म्हणाले. तिथेच अडलंय सगळं.

सतत दुखतं असं नाही. सयाजीबागेत पहाटेची एक फेरी निभते, दुसरीला पाय ठणकायला लागतो. घरी येऊन बूट काढला की गोळ्यावरची कातडी लालबुंद, चादर लागली तरी कळ येते. रुंद तोंडाचे बूट घेतले, बोटांमध्ये सिलिकॉनचा तुकडा घालते. आराम पडतो, पण त्याने अंगठा काही सरळ होत नाही.

भीती नंतरच्या दिवसांची आहे. सहा आठवडे टाचेवर भार देणारा बूट, सूज तर कित्येक महिने. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. त्यांना उठवून बसवायचं कोणी?

ज्यांनी हे करून घेतलंय त्यांनी खरं काय ते सांगा. वर्षभरानंतर पाय कसा आहे? अंगठा पुन्हा वाकडा झाला का, सांधा आखडला का? ठरवूनही थांबलेल्यांचंही ऐकायचंय. मंगळवारी दुसऱ्या डॉक्टरांना दाखवणार आहे. त्यांना काय काय विचारू?