पंचाहत्तरीला पुस्तक कोणतं द्यावं?

मृणाल (ए-२०३): नमस्कार. पुढच्या रविवारी कराडला सासऱ्यांची पंचाहत्तरी आहे. त्यांना वाचायची खूप आवड आहे. दोन हजारांपर्यंत एखादी छान जाडजूड कादंबरी सुचवाल का? हार्डबाउंड असेल तर उत्तम, द्यायला बरी दिसते.

खरे काका (ए-५०१): ऐतिहासिक द्या. कोणालाही चालते.

समीर (सी-६०२): विद्यामावशी कुठे आहेत? त्यांचा विषय निघालाय.

विद्यामावशी (बी-४०४): आले. भाजी फोडणीला टाकत होते.
मृणाल, कोणालाही चालते म्हणूनच ऐतिहासिक नको. आमच्या ह्यांच्या साठीला 'मृत्युंजय' दोन आणि 'स्वामी' एक अशा भेटी आल्या. तिन्ही त्यांनी कॉलेजात असतानाच वाचून काढलेल्या. आणि म्हातारी माणसं जाड पुस्तक कशी वाचतात ते बघितलंयस का कधी? दुपारी आडवं पडून, पुस्तक छातीवर उभं धरून. दहा मिनिटांत मनगट भरून येतं आणि डुलकी लागली की पुस्तक थेट नाकावर. मी सदुसष्टची आहे, अनुभवाचं सांगते. एका जाड पुस्तकाऐवजी पाच बारीक दे.

मृणाल (ए-२०३): पण मावशी, पातळ पुस्तक भेट म्हणून कसं दिसेल?

विद्यामावशी (बी-४०४): एकदा 'बनगरवाडी' हातात घेऊन बघ. १९५५ सालची. एक कोवळा मास्तर धनगरांच्या वस्तीवर शाळा चालवायला जातो आणि शेवटी दुष्काळात वस्तीच उठून जाते. दोन दुपारी पुरे होतात. पण सातशे पानी कादंबऱ्यांतून मला तेवढी माणसं भेटलेली नाहीत. 'रणांगण' तसंच, १९३९ चं. युरोपातून निघालेली बोट, तिच्यावर एक मराठी तरुण आणि जर्मनीतून बाहेर पडलेली ज्यू मुलगी. मुंबईला तो उतरतो, ती बोटीवरच राहते. संपल्यावर मला रात्रभर झोप नव्हती.

रोहन (डी-१०१): 'कोसला' पण द्या की.

समीर (सी-६०२): मी तीनदा सुरू केली. नायकाची धाकटी बहीण मनी जाते तिथून पुढे सरकतच नाही.

विद्यामावशी (बी-४०४): तिथे पुस्तक मिटावंसं वाटणारच रे. आठवड्याने परत उघड. पंचाहत्तरीच्या भेटीला मात्र ती नको.

सेक्रेटरी: 🙏 उद्या सकाळी १० ते १ टाकी सफाईसाठी पाणी बंद राहील. कृपया पाणी भरून ठेवावे. आणि ग्रुप सूचनांसाठी आहे, याची नोंद घ्यावी.

विद्यामावशी (बी-४०४): घेतली. मृणाल, आता खरं सांगू का? कादंबरीचं राहू दे, कथासंग्रह दे. 'कोसला'चं नाव आत्ता निघालं. ती १९६३ ची. त्याच साली बाबुराव बागुलांचं 'जेव्हा मी जात चोरली होती' आलं. रेल्वेत लागलेला पोरगा परक्या गावात खोली मिळावी म्हणून जात लपवतो, आणि पुढे जे होतं ते... तूच वाच. पण आपल्यात 'कोसला'वर भांडणारे पाच निघतील, बागुलांच्या कथा वाचलेला एक निघेल की नाही शंका आहे. कथासंग्रह म्हटलं की लोकांना काहीतरी अर्धवट हातात पडल्यासारखं वाटतं. दिवाळी अंकात कथा आली की आवडीने वाचतील, तीच पुस्तकात आली की 'खपत नाही'.
म्हणून माझा नियम असा की कादंबरी थांबते, कथासंग्रह थांबत नाही. मोठी कादंबरी तुला पाच वर्षांनी पण मिळेल. कथासंग्रहाची आवृत्ती संपली की संपली, मग रद्दीवाल्याकडे शोधत फिरा. दिसला की घ्यायचा. वाचायचं नंतर बघू.

खरे काका (ए-५०१): म्हणूनच तुमच्याकडे कपाटाबाहेर पण पुस्तकं आहेत.

विद्यामावशी (बी-४०४): फ्रिजवर पण आहेत. या बघायला.

खरे काका (ए-५०१): जी. ए. कुलकर्णी देऊ नका हो पण. फार अवघड. मला 'काजळमाया' झेपलं नाही.

विद्यामावशी (बी-४०४): सलग वाचलंत ना? तिथेच चुकलं. जीएंची एक कथा वाचायची, चार दिवस जाऊ द्यायचे, मग दुसरी. कादंबरीसारखं रेटलं की अंगावर येतं. त्याच पुस्तकाला साहित्य अकादमी मिळालं होतं आणि प्रकाशनाच्या तारखेवरून वाद झाला तर त्यांनी पुरस्कार परत करून टाकला. असा माणूस वाचकाच्या सोयीचं कशाला लिहील?
माझ्याकडे 'पिंगळावेळ'ची १९७७ ची पहिली आवृत्ती होती. होती म्हणते, कारण लॉकडाउनच्या आधी कोणीतरी वाचायला नेली. कोणी ते मलाच आठवत नाही. ग्रुपवर विचारून काय उपयोग.

मृणाल (ए-२०३): बरं, ठरलं. कथाच देते. ऑनलाइन मागवू का?

विद्यामावशी (बी-४०४): वेळ असेल तर दुकानात जा. गेल्या वर्षी मी एक संग्रह ऑनलाइन मागवला. अगदी रंगात येऊन वाचत होते. ११२ व्या पानावर कथेतली बाई जिना उतरायला लागली, पान उलटलं तर ९७! १६ पानांचा एक फर्मा दोनदा बांधलेला आणि ११३ ते १२८ गायब. पुढचं पान थेट १२९. परत पाठवायला गेले तर म्हणे सात दिवसांची मुदत संपली. आता मी ११२ व्या पानापर्यंत वाचल्याशिवाय सातव्या दिवशी कशी ओळखणार होते, सांगा. ती बाई अजून जिन्यातच आहे.
तेव्हापासून दुकानात पैसे द्यायच्या आधी अंगठ्याने पानांचे आकडे सरसर बघून घेते. दुकानदार हसतात, हसू देत. आणि सिग्नलवर, फूटपाथवर नवंकोरं पुस्तक अर्ध्या किमतीत मिळालं तर घेऊ नकोस. शाई फिकी, कागद आरपार दिसणारा. तो चोरून छापलेला माल असतो, लेखकाला त्यातला छदामही मिळत नाही. जुनं घ्यायचं तर खरंखुरं जुनं घे. माझ्या एका संग्रहाच्या पहिल्या पानावर 'चि. सौ. कां. हिस, विवाहप्रसंगी' असं निळ्या शाईत आहे. खाली भाच्याची सही आणि १९६८. तिने ते पुस्तक विकलं की तिच्या नातवाने, कोण जाणे. पण तेविसाव्या पानावर हळदीचा डाग आहे, म्हणजे वाचलं नक्की.

खरे काका (ए-५०१): पुस्तकांवर जीएसटी किती लागतो हल्ली?

विद्यामावशी (बी-४०४): छापील पुस्तकाला शून्य. एवढी एकच गोष्ट स्वस्त राहिली आहे काका, तरी तुम्ही घेत नाही.

रोहन (डी-१०१): ऑडिओबुक द्या ना मग. मनगट दुखायला नको.

विद्यामावशी (बी-४०४): चांगलं सुचवलंस, चेष्टा नाही करत. डोळे थकले की मी पण ऐकते. पण भेट म्हणून काय देणार, पासवर्ड?

मृणाल (ए-२०३): मी शनिवारी पुण्याहूनच जाते कराडला. वाटेत अप्पा बळवंत चौकात थांबते. यादी द्याल का मावशी?

विद्यामावशी (बी-४०४): 'बनगरवाडी', 'रणांगण', बागूल, एक जीए आणि पाचवं तुझ्या मनाने घे. सवलत मागायला लाजू नकोस, तिथे सगळेच मागतात. आणि सासऱ्यांना आधी हळूच विचार, घरात यातलं काय आहे ते. वाचणाऱ्या माणसाकडे असतंच. जीएंमधलं कोणतं मिळेल ते घे. 'पिंगळावेळ' दिसलं तर माझ्यासाठी पण एक उचल, पैसे लगेच पाठवते.

सेक्रेटरी: आता हे पुरे. पाणी भरून ठेवा.

समीर (सी-६०२): हा मेसेज काढून टाकला आहे.

विद्यामावशी (बी-४०४): काय होतं समीर?

समीर (सी-६०२): काही नाही मावशी. घरी आहात का? दोन मिनिटं वर येतो.