कॉलेज प्रोजेक्ट: पॉप अल्बमच्या कव्हरवर नाव देवनागरीत ठेवू की रोमनमध्ये?

रंगपेटी२१
नमस्कार मंडळी, मी अप्लाइड आर्टच्या थर्ड इयरला आहे. असाइनमेंट अशी आहे की एक पॉप सिंगर आपल्या कल्पनेतून तयार करायची, तिचं नाव, गाणी, अल्बमचं नाव सगळं आपणच ठरवायचं आणि मग तिच्या पहिल्या अल्बमचं कव्हर करायचं, एलपीच्या (मोठ्या रेकॉर्डच्या) साइझला, सीडीच्या साइझला आणि मोबाईलवर दिसतं तेवढं छोटं, असं तिन्ही. माझ्या गायिकेचं नाव ऊर्मी, मूळची चिपळूणची, ऐरोलीला कॉल सेंटरमध्ये रात्रीची ड्युटी करते, गाणी मराठी पण साउंड सगळा सिंथ-पॉप, म्हणजे सिंथेसायझरवरचा इलेक्ट्रॉनिक पॉप. अल्बमचं नाव 'रात्रपाळी'.

आत्तापर्यंत केलंय ते असं: मधोमध तिचा चेहरा, हेडफोन घातलेले, मागे जांभळा-गुलाबी ग्रेडियंट, खाली बिल्डिंगांची स्कायलाइन आणि नाव रोमनमध्ये, एकदम बारीक फॉन्ट, अक्षरांत भरपूर गॅप. सर म्हणतात रोमनच ठेव, पॉपला देवनागरी लावली की भजनाची कॅसेट वाटते. मला ते अजिबात पटत नाहीये, पण देवनागरीत करून बघितलं तर अक्षरं तुटतायत, वेलांटी भलतीकडेच जातेय आणि एकूणच काही जमत नाहीये. चेहऱ्याला सध्या पिंटरेस्टवरचा फोटो आहे. सोमवारी सबमिशन. काय करू, आणि देवनागरी करायची तर कशी ते प्लीज नीट सांगा.

अक्षरवेडी
देवनागरीच कर. आणि फॉन्ट निवडून टाइप करू नकोस, नाव काढ, हाताने. बाकी कव्हर त्या नावाभोवती उभं राहू दे.

आधी वेलांटीचं सांगते म्हणजे तेवढं तरी आज सुटेल. फोटोशॉपमध्ये प्रेफरन्सेसमध्ये टाइपमध्ये जा, तिथे टेक्स्ट इंजिनचा पर्याय दिसत असेल तर तो 'वर्ल्ड-रेडी लेआउट' कर (जुन्या व्हर्जनमध्ये 'मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन' असं लिहिलेलं असतं). इलस्ट्रेटरमध्ये टाइपच्या प्रेफरन्सेसमध्ये 'शो इंडिक ऑप्शन्स' चालू कर आणि पॅराग्राफ पॅनलच्या मेनूतून वर्ल्ड-रेडी कंपोजर निवड. हे केलं की जोडाक्षरं आणि वेलांट्या जागेवर येतात. अक्षरं तुटतायत ते मात्र ट्रॅकिंग, म्हणजे अक्षरांमधला गॅप, वाढवल्यामुळे. रोमनमध्ये अक्षरं लांब-लांब ठेवून स्टाईल करता येते, आपल्याकडे शिरोरेषा आहे, गॅप वाढवला की रेष जागोजागी तुटते आणि शब्द विस्कटतो. रुंद हवं असेल तर रेष अखंड ठेव आणि अक्षरांचं अंगच रुंद काढ.

आता ऊर्मी या नावाकडे बघ ना, किती मस्त मिळालंय तुला. ऊ ला ती मोठी वळलेली शेपटी आणि मी वर दीर्घ वेलांटी आणि तिच्या माथ्यावर रफार. सगळी गंमत शिरोरेषेच्या वर आणि उजवीकडे साठलीय. पण धोकाही तिथेच आहे, छोट्या साइझला रफार आणि वेलांटी एकमेकांत मिसळून एक काळा ठिपका होणार आणि लोक 'ऊमी' वाचणार. म्हणून रफार जरा सुटा काढ, मोठा काढ, हवं तर तोच या नावाचा हिरो कर. फॉन्ट असं करून देणार नाही, त्याला हजारो शब्द सांभाळायचे असतात. तुला दोनच अक्षरं सांभाळायचीयत.

आणि देवनागरी म्हणजे भजन हे ज्यांना वाटतं त्यांना कमल शेडग्यांची नाटकांच्या जाहिरातींची अक्षरं दाखव. पेपरातली छोटीशी जागा, बहुतेक वेळा काळा-पांढरा छापा, कागद साधा, आणि तरी नाटकाचं नाव लांबून वाचता यायचं आणि नाटक गंभीर की हलकंफुलकं की ऐतिहासिक हे त्या अक्षरांवरूनच कळायचं. तुझ्या मोबाईलच्या थंबनेलचा प्रॉब्लेम त्यांनी रोजच्या रोज सोडवलाय. ते २०२० मध्ये गेले. त्यांचं काम बघितल्याशिवाय मराठी कव्हरला हात घालू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

शाईपेन
वरचं सगळं बरोबर. मी प्रिंटच्या बाजूचं सांगतो कारण तिथे मार्क जातात.

एलपीचं कव्हर साधारण ३१५ मिलिमीटर चौरस धर, सीडीच्या बुकलेटचं तोंड १२० मिलिमीटर चौरस. दोन्हीला चारी बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापताना जाणारी जादा कड. स्ट्रीमिंगसाठी ३००० बाय ३००० पिक्सेल, आरजीबी (स्क्रीनचे रंग), हे आता जवळपास सगळीकडे चालतं. पण ३००० मध्ये काम सुरू करून तेच एलपीला वापरू नकोस, ३०० डीपीआयला एलपी ब्लीडसकट ३८०० पिक्सेलच्या आसपास जातं, म्हणून मोठीच फाइल कर आणि खाली ये. कव्हरवर इन्स्टाचं हँडल, वेबसाइट, किंमत, 'लवकरच येत आहे' असलं काही टाकू नकोस, असली कव्हरं स्टोअर परत पाठवतात.

तो जांभळा-गुलाबी स्क्रीनवर चमकतोय पण सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शायांत, गेला की मेलाच समज, मळकट दिसतो. निऑन हवाच असेल तर पँटोन ८०६ सारखा फ्लोरोसंट गुलाबी पाचवा रंग म्हणून वेगळा छापावा लागतो, खर्च वाढतो. कॉलेजसाठी सबमिशन शीटवर 'स्पॉट कलर' म्हणून लिहून दाखवलंस तरी कळतं की पोरीने विचार केलाय.

पिंटरेस्टचा फोटो काढ. कॉलेजचं काम असलं तरी उद्या पोर्टफोलिओत हेच जाणार, आणि तो फोटो कुणाचा तरी आहे. मैत्रिणीला उभं कर, मोबाईलवर काढ, तिच्याकडून दोन ओळींची लेखी परवानगी घे.

सावर्डेकर_पोरगा
माझं थोडं वेगळं मत आहे. नाव टाकायचंच कशाला? ॲपमध्ये कव्हरच्या खाली गायिकेचं नाव आणि अल्बमचं नाव टाइप केलेलं असतंच की. पिंक फ्लॉइडचा १९७३ चा तो प्रिझमवाला अल्बम, हिप्नोसिस या डिझाइन ग्रुपने केलेला, त्याच्या पुढच्या बाजूला बँडचं नाव नव्हतं. जॉय डिव्हिजन बँडच्या १९७९ च्या पहिल्या अल्बमवर डिझायनर पीटर सॅव्हिलने पल्सार ताऱ्याच्या रेडिओ लहरी टाकल्या, पुढे एक अक्षर नाही. आज तर ते अजून सोपं आहे. चित्र इतकं पक्कं कर की नाव लागणारच नाही.

अक्षरवेडी
@सावर्डेकर_पोरगा मुद्दा चांगला आहे, आणि त्यातूनच सरांना उत्तर मिळतंय बघ. नाव खाली टाइप केलेलं असतं, तिथे रोमन द्यायचं तर देता येईल, शोधणाऱ्याला सापडेल. मग कव्हरवर रोमन असायलाच हवं हा हट्ट कशाला? कव्हर मोकळं झालं ना. पण ऊर्मी कुणाला माहीत नाही, पहिलाच अल्बम आहे, आणि हीच अक्षरं पुढे पोस्टरवर, टी-शर्टवर, शोच्या बॅनरवर जाणार. म्हणून मी म्हणते नाव हवं.

जुनी_कॅसेट
माझं कॅसेटचं दुकान होतं, नव्वदच्या दशकात, त्यामुळे तेव्हाचं सांगतो. कॅसेटचं कार्ड उभं, पुढची बाजू जेमतेम अडीच इंच बाय चार इंच. गिऱ्हाईक काउंटरच्या अलीकडे उभं, कॅसेट मागे काचेत. तेवढ्या अंतरावरून ओळखू यायला हवी म्हणून चेहरा मोठा आणि नाव ठळक, इंडीपॉपच्या लाटेत तर चेहराच विकला जायचा. भावगीतांच्या, भजनांच्या कॅसेटवर देवनागरी असायची आणि पॉपवर बहुतेक रोमन, सरांच्या डोक्यात ते बसलंय ते तिथूनच. पण तो कंपन्यांचा हिशोब होता, एकच कॅसेट अख्ख्या देशात विकायची होती. तुझी गायिका मराठीत गातेय, तिला तो हिशोब लागू नाही.

मला मात्र वेगळंच विचारायचंय. तू गाण्यांबद्दल काहीच लिहिलं नाहीस बाळा. हेडफोन आणि स्कायलाइन हे कुठल्याही गायिकेला लागेल. ही मुलगी रात्री दोनला काय बघते? घरी कशी जाते? गाण्यांची नावं तरी सांग.

रेकॉर्डच्या कव्हरवर चित्र घालायची पद्धत रुजवली डिझायनर अॅलेक्स स्टाइनवाइसने, अमेरिकेत, कोलंबिया रेकॉर्ड्समध्ये, १९४० च्या सुमारास. त्याच्या आधी बहुतेक साधे पुठ्ठे असायचे. त्याने पहिल्या कव्हरला काय केलं तर न्यूयॉर्कच्या एका थिएटरच्या दर्शनी पाटीवर, दिव्यांच्या अक्षरांत, अल्बमचं नाव लावून घेतलं आणि त्याचा फोटो काढला. गाणी रंगभूमीवरची होती म्हणून नाव थिएटरच्या पाटीवर. तुझ्या गाण्यांचं नाव कुठल्या पाटीवर लागेल याचा विचार कर.

रंगपेटी२१
काका, हे वाचून बराच वेळ बसले होते. गाणी लिहून ठेवलीयत मी, सांगते. पहिलं 'लॉगिन', त्यात ती कामावर दुसऱ्या नावाने बोलते ते आहे. मग 'कॉल होल्डवर', 'व्हेंडिंग मशीन', 'दिवसाची झोप' (आई दुपारी फोन करते आणि ही झोपलेली असते), आणि शेवटचं 'ड्रॉप कॅब', पहाटे चारला ठाणे-बेलापूर रोडवरून घरी जातानाचं. मला स्वतःला तेच सगळ्यात आवडतं. कॅबमध्ये कुणी बोलत नाही, सगळ्यांची डोकी काचेला टेकलेली, आणि हिला तेव्हा चाल सुचते.

जुनी_कॅसेट
मग सापडलं की. कॅबच्या पुढच्या काचेवर कंपनीची 'ऑन ड्युटी' पाटी असते ना, तिथे 'रात्रपाळी'.

शाईपेन
वा, हे भारी आहे. आणि स्कायलाइनची गरजच संपली. पण जपून, पाटी खरी कंपनीची नको, तूच रंगव, पुठ्ठ्यावर, आणि काचेला लावून फोटो काढ. कॉम्प्युटरवर चिकटवलेली कळते, काचेवरचं रिफ्लेक्शन खोटं पडतं. लाइट रस्त्यावरच्या सोडियमच्या दिव्याचा पिवळा मिळाला तर जांभळा ग्रेडियंट आपोआप सुटेल, आणि पिवळा-काळा प्रिंटला पण छान बसतो. चालत्या गाडीत काही करू नका, गाडी उभी करून.

अक्षरवेडी
पाटीवर रात्रपाळी आणि काचेला टेकलेल्या डोक्याजवळ, तिने वाफेवर बोटाने लिहिल्यासारखं, ऊर्मी. रफार शेवटी एका फटक्यात. पण आधी कागदावर पन्नासेक वेळा काढ, ब्रशने, काडीने, जे हाताला लागेल त्याने, आणि त्यातलं एक निवड. मग ते मोबाईलवर अंगठ्याच्या नखाएवढं करून घरातल्या कुणालातरी दाखव, नाव न सांगता. त्यांनी 'ऊमी' वाचलं तर परत काढ. पाटीसाठी रेफरन्स हवा असेल तर 'यात्रा वन' फॉन्ट बघ, मुंबई लोकलच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून केलाय, गूगल फॉन्ट्सवर फुकट आहे आणि लायसन्स खुलं आहे. बघायला बघ फक्त, पाटी तूच रंगव.

रंगपेटी२१
शनिवारी रात्री बाबांची गाडी घेऊन शूट करतोय, मैत्रीण तयार आहे, बाबा चालवणार. रफारचे दोन पानं नमुने काढलेत, त्यातला एक टाकते इथे उद्या. फक्त एक राहिलं, एलपीच्या कण्यावर (कव्हरच्या बारीक कडेवर) नाव उभं कसं लिहायचं, अक्षराखाली अक्षर की आडवं करून?

शाईपेन
आडवं करून, वरून खाली वाचत जाईल असं. अक्षराखाली अक्षर घेतलंस तर शिरोरेषेचे तुकडे होतील आणि कणा जेमतेम ३-४ मिलिमीटरचा, त्यात रफार वाचायचा कुणी. तिथे हाताची अक्षरं नकोत, साधा 'मुक्त' सारखा स्वच्छ फॉन्ट घे, आणि वर-खाली मात्रांना जागा सोड, नाहीतर घडीत जातात.